रांगेतली पहिली गाडी

शांतारामने माझ्या दिराच्या हातावर कोयता मारला. त्याआधी कित्येक वर्षं ते दोघे आमच्या बलकावावरच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीवरच्या, बांधीव बाकांवर समोरासमोर बसून, देव आहे की नाही यावरून रोज संध्याकाळी भांडत आले होते. ते भांडण तोंडचं होतं. कधी शांताराम चहा अर्धा टाकून उठून जाई. दुसऱ्या दिवशी परत येई.

माझा दीर कृष्णनाथ हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. शांताराम दोडामार्गकडचा. खाणी चालू होत्या तेव्हा टिपर चालवायला इकडे डिचोलीकडे आला. खाणी बंद पडल्यावर सगळे ड्रायव्हर परत गेले, हा गेला नाही. सर्वण गावाच्या पलीकडे आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवरच, राहिला आणि आमचं शेत अर्ध्या वाट्याने करू लागला. बायको मनीषा आणि एकुलता एक मुलगा अमोल. अमोल कृष्णनाथाच्या हाताखाली शिकलेला.

"टिपराक डायवर लागता," शांताराम म्हणे. "मगे येवढा जग बिनडायवराचा चलता?"

"डायवराला कोण चालवतो?"

"देव."

"आणि देवाला?"

"तेका कोण कित्याक व्हयो? तो पयलो."

"मग जगालाच पहिलं म्हण," कृष्णनाथ म्हणे. "एक गडी कमी लागेल."

खाणीच्या दिवसांत मालाच्या गाड्यांची लांबच लांब रांग लागायची. शांताराम त्याचाच दाखला देई. माझी गाडी थांबते ती पुढची थांबली म्हणून, पुढची थांबते ती तिच्या पुढची थांबली म्हणून. पण शेवटी अगदी पुढे जाऊन बघितलं तर कोणीतरी असतोच. पोलीस तरी, नाहीतर रस्त्यात बसलेली म्हैस.

"आणि पुढे काहीच नाही, असं कधी झालं नाही?" कृष्णनाथाने एकदा विचारलं.

शांताराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. "झाला. रांग सुटता, आमी फुडे जातों, तर थंय रस्तो मोकळो. कोण नाय."

"मग?"

"मगे काय. म्हस उठान गेली आसतली."

मी आत भाकरी थापत होते. मलासुद्धा हसू आवरलं नाही.

आमच्या शेताच्या बांधावर एक उंच सातवीण होती. तिच्या बुंध्याशी राखणदाराचा दगड. राखणदार रात्रीचा काठी आपटत वाड्याभोवती फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दरवर्षी तिथे वहाणांचा नवा जोड ठेवायचा. मे महिन्यात त्या झाडाची एक फांदी आमच्या घरच्या तारेला घासून ठिणग्या पडू लागल्या. वाड्यावरचं कोणी तिला हात लावीना. कृष्णनाथाने बाहेरून माणूस आणला आणि फांदी तोडवली. देवळात गाऱ्हाणं घालणारा गोकुळदास रस्त्यात उभा राहून म्हणाला, "मास्तर, हें बरें केलें नाय."

"राखणदाराला लागलं असेल तर माझ्याकडे पाठव," कृष्णनाथ म्हणाला. "मलमपट्टी करतो."

हे वाक्य वाड्यावर सगळ्यांनी जपून ठेवलं.

ऑक्टोबरात कापणी चालली होती. दुपार कलली आणि डोंगरावरून ढग आले. थेंब नाही, नुसता गडगडाट. कापलेलं भात शेतात आडवं पडलेलं. अमोल मधल्या कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, ताडपत्री ओढत होता, शांताराम पार पलीकडच्या टोकाला होता. कृष्णनाथ आणि मी बलकावावर उभे होतो. एक वीज जवळच कोसळली तेव्हा शांताराम ओरडला, "अमोला, सोड तां! सातविणीखाली जावन रव! थंय राखणदार असा!"

आमच्याकडे सगळे असंच सांगतात. राखणदाराच्या झाडावर वीज पडत नाही. माझ्या सासूने मला सांगितलं, मी माझ्या मुलीला सांगितलं.

कृष्णनाथ धावत पायऱ्या उतरला. "झाडाखाली नको रे," असं ओरडत होता. ते मला, मागे उभ्या असलेल्या बाईला, जेमतेम ऐकू आलं. अमोल झाडाखाली पोचला होता.

सातवीण शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभी फाटली. सालीची हातभर लांब फाळकी शेतभर उडाली. एक आमच्या दारात येऊन पडलं, त्यातून धूर निघत होता. अमोलच्या पायातले बूट फुटून वेगळे पडले होते आणि शर्ट छातीवर वितळून चिकटला होता. शांताराम पोचला आणि मुलाला हलवू लागला. हलवता हलवता मारू लागला. "ऊठ, ऊठ रे," म्हणत त्याने मेलेल्या मुलाच्या थोबाडीत दिल्या. चौघांनी त्याला ओढून काढला तेव्हा त्याच्या तळव्याला मुलाची जळलेली कातडी लागली होती.

तेरावं झाल्यावर तो कौल घ्यायला देवळात गेला.

आमच्या वाड्याची देवी सातेरी म्हणजे वारूळ. गाभाऱ्यात वाढलेलं, पुरुषभर उंच, वर चांदीचा मुखवटा. बाजूच्या पाषाणाला गोकुळदास फुलाच्या पाकळ्या पाणी लावून चिकटवतो आणि देवीला विचारतो. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. सगळा वाडा जमला होता.

"आई, तुझो राखणदार जाग्यार होतो?" गोकुळदासाने विचारलं.

डावी पडली.

"फांदी तोडली म्हणून रागान गेलो?"

उजवी पडली. बायका हुंदके देऊ लागल्या. मनीषा तिथेच आडवी झाली. मुलगा झाडाखाली कोणाच्या सांगण्यावरून गेला, हे देवीला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णनाथ बलकावावर चहात पाव बुडवून खात होता. शांताराम आवारात शिरलेला मी बघितला. मला वाटलं, आला एकदाचा चहाला. मी कप आणायला वळले.

"मास्तरा, माका सांग. माझ्या झिलाक कोणी मारल्यान?"

त्याने मास्तरला अरे-तुरे केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी मागे फिरले.

"कोणी नाही, शांताराम."

"देवीन सांगल्यान. तुया मारलंस."

"विजेने गेला तो. वीज उंच झाड शोधते. तिला राग-लोभ नसतो."

"इजेक कोणी धाडल्यान?"

"कोणीच नाही. ढगात..."

"तुजा ह्या 'कोण नाय'." शांताराम अगदी हळू बोलत होता, जणू दमला होता. "इतकी वर्सां आयकलंय. जग कोणी केला, कोण नाय. वीज कोणी धाडली, कोण नाय. माझो झील मेलो, कोण नाय. मगे मी मारू कोणाक?"

पाठीमागे धरलेला कोयता तेव्हा दिसला. पहिला घाव बाकावर बसला आणि चुन्याचा टवका माझ्या तोंडावर उडाला. दुसऱ्या घावाला कृष्णनाथाने हात आडवा घातला. कोपराखालचं मांस उघडलं, आत पांढरं हाड दिसलं. कप फुटला. मी शांतारामच्या अंगावर पडले, त्याच्या मनगटाला चावले, पण तो हलला नाही.

"त्याला कित्याक मारतोस?" मी ओरडले. "त्या दिवशी तूच तर अमोलाक..."

"वहिनी, गप्प रहा."

कृष्णनाथ भिंतीला टेकून खाली बसला होता. एवढ्या वर्षांत त्याने मला असं कधी म्हटलं नव्हतं. "एक शब्द बोलू नका," तो म्हणाला. मग शांतारामकडे बघून म्हणाला, "ऐक माझं. कोणी नाही. खरंच कोणी नाही रे."

शांतारामने त्याच्याकडे बघितलं, रक्ताकडे बघितलं आणि कोयता टाकला. मला वाटलं, संपलं. पण पायरीजवळ आमची पिकास, खणायची कुदळ, पडली होती ती त्याने उचलली.

"तू सांगणस नाय तर तिकाच विचारतंय," म्हणाला आणि देवळाच्या वाटेला लागला.

मी टॉवेल घट्ट बांधला आणि रुग्णवाहिकेला फोन केला. कृष्णनाथ उठून उभा राहिला. "चला," म्हणाला. "तिथे त्याला मारून टाकतील." मी अडवलं, तो थांबला नाही. देऊळ हाकेच्या अंतरावर आहे. तेवढ्या वाटेत तो दोनदा पडला.

आम्ही सभामंडपात शिरलो तेव्हा आतून घाव ऐकू येत होते. जुनं वारूळ दगडासारखं झालेलं असतं. पिकास त्यावर आपटून उडत होती आणि शांताराम परत उचलत होता. चांदीचा मुखवटा कोपऱ्यात पालथा पडला होता. "कोण असा भितर?" तो विचारत होता. "भायर ये. माका सांग, माझो झील कित्याक घेतलंस?" वारुळाचा वरचा भाग कोसळला. आत भोकंच भोकं, वाळवी, तिची पांढरी अंडी. त्याने पिकास टाकली आणि भोकात खांद्यापर्यंत हात घातला. मुठीत माती आली. तो ती माती बघत बसला. वाळवी त्याच्या हातावर चढत होती.

तोवर माणसं आली.

गोकुळदासाच्या पुतण्याने, परेशने, समईचा पितळी दांडा उचलला आणि शांतारामच्या तोंडावर मारला. दात फरशीवर पडले. मग कोणी लाथा, कोणी बांबू, कोणी देवीपुढचा नारळ. त्याला गाभाऱ्यातून फरफटत बाहेर आणला. रोज त्याच्याबरोबर कापणीला जाणारी माणसं ती. जी बाई तेराव्याला मनीषाला धरून रडली होती, ती चप्पल काढून मारत होती. शांतारामने हात वर केले नाहीत. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकं लाकूड गुडघ्यावर मोडतो तसा.

कृष्णनाथ गर्दीत घुसला आणि त्याच्या अंगावर आडवा पडला. एक बांबू त्याच्या जखमी हातावर बसला. तो गुरासारखा हंबरला तेव्हा हात थांबले.

"मास्तर, बाजूक व्हा," परेश म्हणाला. धापा टाकत होता. "तेणें देवीक फोडली. तुमचो हात कापलो. आनी तुमी तेका राखतात?"

"देवी आहे ना?" कृष्णनाथ म्हणाला. "मग तिचं ती बघून घेईल. आणि नसली, तर तुम्ही मारताय ते कोणासाठी?"

परेशने दांडा परत उचलला होता. गोकुळदासाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. मग म्हातारा आत गेला, खाली बसला आणि धोतराच्या सोग्याने मुखवटा पुसू लागला.

रुग्णवाहिका एकच आली. दोघांना एकाच गाडीत घातलं, शांतारामला खाटेवर, कृष्णनाथाला समोरच्या बाकड्यावर, आणि त्याच्या शेजारी मी. रक्ताचा वास गाडीत कोंडला होता.

डिचोलीच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे गाड्यांची रांग होती. चालक भोंगा वाजवत राहिला. शांताराम छत बघत पडला होता.

"मास्तर," तो म्हणाला. ओठ फाटले होते, शब्द चिकटून येत होते. "मी फुडेसर जावन बघलंय. थंय म्हस नाय. पोलीस नाय. थंय माझीच गाडी असा."

कृष्णनाथाने डोळे मिटून घेतले होते.

"मीच वरडलंय तेका. सातविणीखाली रव म्हणान. तुमी बलकावार होतास. तुमी आयकलास?"

मी माझ्या दिराकडे बघितलं. माझी सासू मरायला टेकली होती तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, "वर कोण वाट बघता रे माझी?" बाकीच्या मुलांनी हो म्हटलं होतं. हा तिचा हात धरून बसला, पण हो म्हणाला नाही. तिचा जीव गेला तरी म्हणाला नाही. त्यावरून मी वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हते.

"नाही," कृष्णनाथ म्हणाला. "गडगडाट होता. कोणाचं काही ऐकू आलं नाही. अमोल आपणहून तिकडे पळाला. मी बघितलं."

शांतारामने मान वळवली. एक डोळा सुजून बंद झाला होता, दुसऱ्याने तो कृष्णनाथाकडे बघत राहिला.

"खोटा बोलतास," तो म्हणाला.

कृष्णनाथाच्या हातावरचा टॉवेल भिजून ढिला झाला होता आणि रक्त बोटांवरून गाडीत ठिबकत होतं. ओल्या कापडाची गाठ निसटत होती, मला ती मारता येईना. शांताराम कण्हत कुशीवर वळला, हात लांब केले आणि मास्तरचा हात टॉवेलासकट दोन्ही मुठींत आवळून धरला. त्याच्या नखांत वारुळाची माती होती.

रांग सुटली. गाडी हलली. तो इस्पितळाच्या दारापर्यंत तसाच दाबून राहिला, आणि तिथे त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.