हलक्या कानाचा पहारेकरी

मी बोलतोय, पोलाद कातणाऱ्या लेथ मशीनच्या टूलला चिकटवलेला कान. बोलतोय म्हणजे काय, आयुष्यभर नुसतं ऐकलंच. आणि ऐकलं ते खरं की मला भास झाला, ही शंका अजून फिटलेली नाही.

लोक मला सेन्सर म्हणतात. शर्टाच्या बटणाएवढा जीव. पोलाद कापता कापता टूलवर बसवलेली, बदलता येणारी धार झिजते, तसा तिचा आवाज बदलतो. तो बदल ओळखून लाल दिवा लावायचा आणि मशीन थांबवायचं. थोडक्यात, संशय घेणं हीच माझी नोकरी.

मला बसवलं त्या दिवशी फोरमनकाकांनी टूलवर होती तीच धार चालवली आणि म्हणाले, ऐक रे बाबा, हा घरचा आवाज. बाकी सगळे परके. मी तो कानात साठवला.

मशीनवर ताई होती. घरी तान्हं बाळ, आणि नोकरीत अजून कायम व्हायची होती. तिनं नवी धार लावली की मी बोंब ठोकायचो. मशीन थांबायचं, ती कातलेला शाफ्ट, म्हणजे पोलादी दांडा, तपासायची, तो आरशासारखा. पुढे धार जुनी व्हायची, शाफ्टवर ओरखडे उठायचे, आणि मी मात्र गोगलगाय. काकांना वाटायचं, हीच माझी वायर काढून ठेवते. मशीन कशाला खोटं बोलेल, तुझं लक्ष पाळण्यात, असं त्यांनी तिला चारचौघांत सुनावलं. असंच चाललं तर कायम होणं विसर, हेही. मीसुद्धा तिच्यावर नजर ठेवून होतो. म्हणजे, कान ठेवून होतो.

ती भांडली नाही. चहाच्या सुट्टीत माझ्याकडे बघत उभी राहिली. ताप नसलेल्या लेकराच्या कपाळाला उगाच हात लावून बघतात ना, तसं. मग काकांकडे वळली.

"काका, आमचं बाळ जन्मल्यापासून घरघरायचं. पहिलंच, म्हणून आम्हाला वाटलं बाळं असाच श्वास घेतात. डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा कळलं. याला शिकवलंत तेव्हा टूलवर नवी धार होती ना?"

काका टोपी काढून डोकं खाजवू लागले. "नव्हती. नुसतं शिकवायला नवी धार कशाला वाया घालवा, म्हटलं."

"म्हणजे याचे कान तुम्हीच भरलेत की."

झालं! मेलेल्या धारेला मी घरची समजत होतो आणि धडधाकट धारेला चोर.

नवी धार लावून मला पुन्हा शिकवलं. काकांनी माफी वगैरे मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन, घोटाळा माझा होता, हिला कायम करा, असं म्हणाले. तेही आवाज चढवून, जणू साहेबच चुकले होते. ताई कायम झाली.

आता मी बरोबर ओरडतो, असं सगळे म्हणतात. माझा विश्वास बसत नाही. ताईचाही बसत नसावा, कारण मी फार वेळ शांत राहिलो की ती मशीनपाशी वाकून स्वतः ऐकते. पूर्वी मला याचा राग आला असता. आता वाटतं, ऐक बाई, ऐकत जा.

तुम्हीही, मी गप्प आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी एवढं विचारा: चांगलं म्हणजे काय, हे याला कुणाच्या आवाजावर शिकवलं?