दादाच्या जेवणाची वही

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. औषधाच्या कारखान्यात मी वजनकाटे तपासते. सकाळी पितळी वजनं चिमट्याने उचलून काट्यावर ठेवायची, आकडा जरा जरी हलला तरी यंत्र बंद. तिथला नियम एकच: माल बाहेर पडताना भरेल ते खरं वजन. आधी किती होतं, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा दादाच्या किडन्या कामातून जायला लागल्या आणि त्याच्या जेवणाची वही माझ्याकडे आली, यात नवल नव्हतं. माझी एक किडनी त्याला जुळली होती. चार महिन्यांनी शस्त्रक्रिया ठरली. तोवर दिवसाला एकोणीसशे कॅलरी आणि प्रोटीन चाळीस ग्रॅम, त्यावर एक ग्रॅमही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. कशात किती असतं त्याचा छापील तक्ता मिळाला. तो वहीच्या पुठ्ठ्यावर मावेना, म्हणून वरची बोटभर पट्टी मी कात्रीने कापली आणि तक्ता नीट डकवला. वाकडंतिकडं मला खपत नाही.

दादा रंगारी. जन्म शिडीवर गेलेला, दणकून जेवणारा माणूस. त्याच्या ताटात मी दोन्ही वेळेला भात तोलून वाढायची, दीडशे ग्रॅम. मसूर पंचवीस. मग तक्ता बघून वहीत आकडे.

"चिमे, चमचाभर भात वाढ की."

"आकडा भरला, दादा."

"आकड्याला सांग, पोट नाही भरलं."

सुरुवातीला आम्ही दोघंही हसायचो. पुढे मी वैतागायला लागले. "ही भूक नाही, आजाराची खोड आहे," असं त्याला ठणकावून सांगितलं. एकदा तो डब्यापाशी उभ्या उभ्या पावाची कड चघळताना सापडला. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. चोपन्न वर्षांचा माझा थोरला भाऊ मान खाली घालून उभा राहिला, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. हे सांगताना आज जीभ रेटत नाही.

त्याचं वजन बासष्टवरून अठ्ठेचाळीसवर आलं. डॉक्टर म्हणाले, आजार पोखरतोय. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई दर महिन्याला वहीतल्या बेरजा बघून मान डोलवायच्या. बेरजा बरोबर होत्या ना! दादा जेवण फेकून देतोय की काय, म्हणून मी कचऱ्याची बादलीसुद्धा उपसली. स्वतःची वही सोडून सगळ्यांवर संशय घेतला.

शस्त्रक्रियेला आठवडा उरला तेव्हा त्या बाई रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी बसली होती. तिने पहिल्यांदाच बेरीज सोडून ओळी वाचल्या.

"वही फार सुबक आहे हो," ती म्हणाली. मग एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "भात दीडशे ग्रॅम. शिजलेला?"

"मग काय, कच्चा खातं का कुणी?" मी तोऱ्यात म्हणाले.

तिने खणातून तसाच तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. न कापलेला. वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत छापलं होतं: सर्व आकडे शिजवण्यापूर्वीच्या कोरड्या धान्याचे.

शिजताना दाणा पाणी पितो आणि फुगतो. वजन वाढतं, कस वाढत नाही. मी शिजलेला भात नि शिजलेली मसूर तोलत होते आणि कोरड्या धान्याचे आकडे मांडत होते. मुलीने पुन्हा हिशोब केला. दिवसाला अकराशे कॅलरी. प्रोटीन वीससुद्धा नाही. चार महिने, रोज.

सर्जन चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. "आत्ता यांना टेबलावर घेतलं तर ते परत उतरणार नाहीत," ते म्हणाले. "वजन भरायला सहा महिने तरी हवेत."

"आणि किडन्या? त्या सहा महिने काढतील?"

त्यांनी कागदावरची शस्त्रक्रियेची तारीख पेनाने खोडली.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. मला वाटलं, तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे मला खरंच भूक लागत होती," तो म्हणाला.

मी उठले. मोठं पातेलंभर भात शिजवला, काट्याला हातही न लावता त्याचं ताट भरलं आणि समोर बसले. "खा दादा. हवं तेवढं खा."

त्याने दोन घास खाल्ले. तिसरा तोंडात घोळवत राहिला. मग तो घास हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला.

"रागावू नकोस चिमे," तो म्हणाला. "आता नाही गं जात."