दिवस बुडायच्या आत

होळी तोंडावर आली होती आणि राधानगरीच्या जंगलात घोटाभर चिखल. दोन दिवस अवकाळी पावसानं झोडपून काढलं होतं. शहाणा माणूस घरी बसला असता, पण विश्वजितनं बेत ठरवला की ठरवला. शिवाजी पेठेतला हा गडी. दुसऱ्याची फजिती झाल्याशिवाय त्याची सहल पुरी होत नसे. सोबत तेजस्वी आणि अभिनंदन. शाळेपासूनचे जिवाभावाचे दोस्त, असं आपलं म्हणायचं.

अभिनंदनचे वडील महिनाभर दवाखान्यात होते. त्यानं जैन बस्तीत, म्हणजे देवळात, मुनिमहाराजांपुढं नियम घेतला होता, वडील घरी येईपर्यंत दिवस बुडाल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. नियम मोडला तर वडील घरी येणारच नाहीत, अशी धास्ती त्याच्या मनात बसली होती. ही धास्ती त्यानं फक्त या दोघांना सांगितली. तिथंच चुकलं.

परतताना ओढ्याच्या उताराला अभिनंदन घसरला. कमरेपर्यंत चिखल, मोबाइल बंद, पाण्याची बाटली ओढ्यात. विश्वजित आधी पोट धरून हसला, मग फोटो काढला, मग हात दिला.

मुरगळलेल्या पायानं अभिनंदन लंगडत निघाला. झाडी दाट, वर आभाळ भरलेलं. दिवस कुठवर आलाय ते कळेना. घसा कोरडा पडला होता.

"किती वाजलं?" त्यानं विचारलं.

"सहा वाजाय आल्यात की," विश्वजितनं स्वतःची बाटली पुढं केली. "पी निवांत."

"अंधारल्यागत वाटतंय."

"आभाळ आलंय म्हणून. घड्याळ खोटं बोलतंय व्हय?"

अभिनंदननं तेजस्वीकडं पाहिलं. ही पोरगी फाडकन तोंडावर बोलते पण खोटं बोलत नाही, असा सगळ्यांचा समज. तिनं मोबाइल पाहिला. विश्वजितनं डोळा घातला, तोही पाहिला.

"सहाला पाच कमी," ती म्हणाली.

अभिनंदननं डोळे मिटून णमोकार म्हटला आणि घटाघटा बाटली रिकामी केली.

विश्वजितनं त्याच्या नाकासमोर मोबाइल धरला. सात वाजून गेले होते.

"मोडला की रं नियम," म्हणत त्यानं टाळी मागितली. तेजस्वीनं दिली. तिला हसू आवरत नव्हतं.

अभिनंदननं बाजूला जाऊन घशात बोटं घातली. ओकून ओकून डोळ्यांना पाणी आलं तरी थांबेना.

"चेष्टा केली रं. मनाला लावून घेऊ नगं," विश्वजित म्हणाला. मोठा सोयीचा शब्द. कुणाच्याही मानेवर पाय द्यावा आणि वर चेष्टा म्हणावी.

डांबरी रस्त्याला लागताच रेंज आली आणि विश्वजितचा फोन वाजला. अभिनंदनची आई होती. त्यानं स्पीकर लावून फोन अभिनंदनच्या तोंडापुढं धरला.

"अभि, तुझा फोन लागंना. डॉक्टर म्हणाल्यात, उद्या सकाळी बाबांना घरी न्या. तुझा नियम फळाला आला बघ, बाळा. आज पाळलास न्हवं?"

उद्या सकाळ. म्हणजे अजून एक रात्र मधे होती, आणि अभिनंदनला आता तेवढीच दिसत होती.

"पाळला, आई."

"विश्वजित, हाईस न्हवं? लय सांभाळलास पोरा त्याला. उद्या तू अन् तेजस्वी दोघंबी जेवायला या."

विश्वजितनं तेजस्वीला कोपर मारलं.

"येतो की काकू," तो म्हणाला. "दिवस बुडायच्या आत येतो."