अंगठा उमटत नाही, कारण

"पुसा आणि परत ठेवा," कारकून म्हणाला.

तिनं अंगठा पिशवीच्या कापडावर घासला आणि मशीनच्या हिरव्या काचेवर ठेवला. मशीननं पुन्हा तोच भसाडा आवाज काढला. ही पाचवी वेळ. कौटुंबिक कोर्टात आत सोडण्याआधी प्रत्येकाला या खिडकीवर अंगठा लावावा लागायचा, आणि तिच्या मागची रांग जिन्यापर्यंत गेली होती.

"अंगठा घरी विसरलात काय, बाई?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघेतिघे हसले.

"विसरला नाही, झिजला," ती मागे न बघता म्हणाली.

"कशानं झिजला?" कारकुनानं एक रजिस्टर पुढे ओढलं. "ज्याचा उमटत नाही त्याचं कारण लिहावं लागतं मला."

ती सांगणारच होती. तेवढ्यात तिची वकीलबाई मध्ये पडली. "धुणंभांडी हो. आणखी कशानं? लिहा, धुणंभांडी."

कारकुनानं लिहिलं. तिनं खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा खोट्यावर सही केली, आणि ती करायला जागा मिळाली कोर्टाची.

बाकावर बसल्यावर वकीलबाई हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका. सहा तारखांनंतर आज पोटगीच्या अर्जावर ऐकणार आहेत. जज्जसाहेब काय बघणार, तर तुमच्या नवऱ्याची कमाई किती, तुम्हाला लागतं किती, आणि तुम्ही स्वतः कमावू शकता का. त्या शेवटच्या प्रश्नावर समोरचा वकील टपून बसलाय. तेव्हा तुम्हाला कसलंही काम येत नाही. आणि हात पिशवीखाली ठेवा."

"मला कसलंही काम येत नाही," ती म्हणाली. "झालं पाठ."

काम तिला किती येत होतं, ते त्या भागातल्या निम्म्या पंपांना विचारावं. मोटार जळली की आतली जळकी तार उपसून नवी तांब्याची तार भरावी लागते. शेकडो वेढे, एक कमी नाही, एक जास्त नाही, आणि प्रत्येक वेढा लोखंडाच्या अरुंद खाचेत अंगठ्यानं दाबत न्यायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून चोवीस वर्षं तिनं हेच केलं. पाटीवर नाव नवऱ्याचं. गिऱ्हाइकं त्याला मालक म्हणायची, बघता बघता तीही म्हणायला लागली. मालक पुढे खुर्चीवर बसून बिलं फाडायचा आणि छाती ठोकून सांगायचा, "माझ्या हातची मोटार आहे, दहा वर्षं बघायला नको." हात मागच्या खोलीत असायचे. चहाही त्याच हातांनी पुढे यायचा.

मग मालकानं तार गुंडाळायचं नवं मशीन आणलं, दोन कामगार ठेवले, आणि त्याच्या एकाएकी लक्षात आलं की या बाईशी आपलं कधी पटलंच नाही. एका दुपारी ती तार घेऊन परतली, तर मागच्या खोलीला नवं कुलूप. घराला तसलंच दुसरं. कुलपं जोडीनं घेतली होती, स्वस्त पडली असतील.

तेव्हापासून ती बहिणीच्या स्वयंपाकघरामागच्या बोळकांडीत खाट टाकून राहत होती. बहीण सोन्यासारखी. मेहुणाही वाईट नव्हता, पण रोज जेवताना विचारायचा, "काय म्हणते तारीख?" तेवढं विचारलं की ती दुसरी पोळी परत टोपलीत ठेवायची. म्हणून ती चार दुकानांत काम मागून आली. शेवटच्या दुकानदारानं पंख्याची बारीक तार तिच्यासमोर धरली. तिला एकाच्या दोन दिसल्या. "मावशी," तो म्हणाला, "घरी बसा आता."

घर कुठलं, ते त्यानं सांगितलं नाही.

पुकारा झाल्यावर कोर्टात आधी मालक पिंजऱ्यात उभा राहिला. शर्टाची इस्त्री अशी कडक, की त्याला वाकता येत नसावं. वकीलबाईनं विचारलं, "हे दुकान कोणाच्या कष्टावर उभं राहिलं?"

"माझ्या एकट्याच्या."

"आणि पत्नी?"

"ती घरीच असायची. कधीमधी चहा आणून द्यायची."

वकीलबाई समाधानानं खाली बसली. तिच्या दृष्टीनं काम झालं होतं. ज्या बाईनं चोवीस वर्षं चहा केला ती कमावणार कशी? पिशवीखाली मात्र दोन मुठी वळल्या होत्या.

मग ती पिंजऱ्यात गेली आणि मालकाचा वकील उठला. जाड काचांचा चष्मा, गोड आवाज. "ताई, तुम्ही मोटार भरण्यात तरबेज आहात, खरं ना? हात चालता असून बसून खायचं आणि नवऱ्याच्या मानगुटीवर भार टाकायचा, असंच ना?"

आत्ताच याचा अशील म्हणाला होता की ती घरी असायची. कोणाला काहीच खटकलं नाही. साहेब लिहीत होते. खाली टायपिस्ट मुलगी खटाखट टाइप करत होती.

"मला कसलंही काम येत नाही," ती म्हणाली.

"मोटार भरता येत नाही?"

"नाही."

हे म्हणताना तिनं मान वर केली, कारण साहेबांकडे बघवेना. वर पंखा फिरत होता. फिरता फिरता तो घुमायला लागला होता, आणि एक वास येत होता. तिथं बसलेल्या वीसपंचवीस माणसांपैकी एकालाही तो येत नव्हता. तिला येत होता. पंखा बरोबर टायपिस्ट मुलीच्या डोक्यावर होता. ती गप्प बसली असती, तर पुढच्या दहा मिनिटांत सुनावणी संपत होती.

"साहेब, तो पंखा बंद करायला सांगा," ती म्हणाली. "जळतोय."

शिपायानं बटण बंद केलं. पाती थांबली आणि मधल्या वाटीतून धुराची बारीक रेघ निघाली. टायपिस्ट मुलगी खुर्ची ढकलून उठली.

"वा," चष्मेवाला म्हणाला. "ताईंना कसं कळलं?"

वकीलबाईनं डोळे मिटून घेतले.

"वासावरून. तारेवरचं वार्निश तापलं की आधी गोड वास येतो. कडू व्हायच्या आत बंद करायचा असतो."

"साहेब, हे नोंदवून घ्यावं."

"घ्या," ती म्हणाली. "मघाशी नाही म्हणाले ते खोटं होतं, तेही घ्या. पण अर्धं नका घेऊ." तिनं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवले. बोटांची टोकं गुळगुळीत, उजव्या अंगठ्याला खाच पडलेली. "मालक म्हणतात मी घरी असायचे. त्यांचे वकील म्हणतात मी तरबेज. साहेब, घरी चहा करून मी तरबेज कशी झाले, ते कोणी विचारणार आहे का? दुकानात वाटा मागेन म्हणून मी चहावाली, आणि पोटाला मागितलं की कारागीर. यांनी एकदा काय ते ठरवावं. मी कुणाच्या मोटारी भरत होते इतकी वर्षं?"

मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, त्यानं ऐकलं. "बाई, तुमचं म्हणणं मला कळतंय. पण आज माझ्यासमोर फक्त दरमहा पोटगीचा अर्ज आहे. दुकानातला वाटा हा त्याचा विषय नाही."

"मग तो कुठल्या खिडकीवर विचारायचा?"

"वेगळा दावा लावावा लागेल. आणि काम येतं, तर करत का नाही?"

"दिसत नाही साहेब. बारीक तारेवर डोळे गेले. मालकांच्याच मागच्या खोलीत गेले."

"डॉक्टरांचा दाखला आहे?"

दाखला नव्हता. डोळे जाताना कागद करून ठेवायचा असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाली, "हातातलं घालवलंत, ताई. पंखा काही पडत नव्हता."

"जळत होता की. खाली पोरगी होती."

"मी तुमच्यासाठीच खोटं बोलत होते हो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही. पण मला ते तुमच्या तोंडूनही ऐकवत नव्हतं."

तीन आठवड्यांनी आदेश आला. मागितलं होतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची पोटगी मंजूर. पहिल्या पानावर व्यवसाय: गृहिणी. चौथ्या पानावर, अर्जदार ही कुशल कारागीर असून स्वतःच्या उदरनिर्वाहास हातभार लावू शकते. दोन्ही वाक्यं एकाच आदेशात, एकाच सहीखाली शेजारणींसारखी बसली होती. शिकलेल्या माणसांनी हा कागद टाइप केला, तपासला, त्यावर शिक्का मारला. मेहुण्यानं तो वाचून ताटाशेजारी ठेवला आणि त्या दिवसापासून तारखेबद्दल विचारणं बंद केलं. ते जास्त वाईट होतं.

आदेशाची शिक्क्याची प्रत न्यायला ती एकटीच गेली. आत डोकावली तर टायपिस्ट मुलीच्या डोक्यावर नुसता हूक लोंबत होता.

"भरायला दिलाय," शिपाई म्हणाला आणि दुकानाचं नाव सांगितलं. मालकाचंच. "चांगली मोटार भरतात म्हणे. दहा वर्षं बघायला नको."

"भरायचे," ती म्हणाली.

खिडकीवर तोच कारकून होता. तिनं अंगठा ठेवला. मशीन ओरडलं. त्यानं न विचारताच रजिस्टर ओढलं आणि तिचं नाव शोधलं. "धुणंभांडी ना? तेच लिहितो."

"नको. ते खोडा."

"खोडता येत नाही, बाई. सरकारी रजिस्टर आहे."

"मग खाली नवीन ओळ घ्या. लिहा, मोटारी भरून."

कारकुनानं मान वर केली. तिनं अंगठा काचेवरून उचलून त्याच्यासमोर धरला. त्यानं ती खाच बघितली आणि खाली नवीन ओळ लिहायला घेतली.

"किती वर्षं?" त्यानं विचारलं. रजिस्टरात तसा रकाना नव्हता.

"चोवीस."

त्यानं तेही लिहिलं आणि रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. मागे रांग चुळबुळत होती. कोणीतरी म्हणालं, "आटपा की बाई." तिनं रजिस्टर दोन्ही हातांनी उचललं, अक्षरं एकाची दोन दिसायची थांबेपर्यंत लांब धरलं आणि ती ओळ शेवटपर्यंत वाचली. मग खाली ठेवून सही केली, पूर्ण नावाची, सावकाश.