शंभर श्वास आणि एक थैला

मित्रांनो, मी एक जुना, पोट सुटलेला, ठोसे खाऊन जगणारा थैला आहे. शहरातले लोक मला पंचिंग बॅग म्हणतात, पण त्याने माझं वजन कमी होत नाही. सायखेड्यात, कांदे साठवायच्या एका रिकाम्या चाळीत मी टांगलेला असतो.

फौजेतून निवृत्त होऊन गावात मुष्टियुद्धाची तालीम काढणाऱ्या खंडेराव वस्तादांनी ट्रॉलीवरच्या ताडपत्रीतून मला कापलं आणि त्यांच्या बायकोने, गोजराबाईंनी, दाभणाने शिवलं. चाळीत कांद्याचा वास इतका मुरला होता की पहिलं वर्षभर मला मारणारा प्रत्येक जण रडायचा. गावात बोभाटा झाला, की थैलाच पोरांना मारतो. मी कधी खुलासा केला नाही.

भारत नावाच्या दांडगटाने तर एकदा असा ठोसा हाणला, की मी साखळी तोडून नदीपलीकडे चांदोरीत जाऊन पडलो आणि संध्याकाळच्या रिक्षाने परत आलो. खोटं वाटलं तर चांदोरीत विचारा. तिथे कोणालाच आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

वस्तादांची एक रीत होती. नव्याने येणाऱ्याने आपला एक जुना कपडा स्वतःच्या हाताने माझ्या पोटात कोंबायचा. "समोर वैरी नाय, तूच हाय," असं ते सांगायचे. पोटातले कपडे मार खाऊन तळाशी बसतात आणि दगडासारखे होतात. म्हणून दर अमावास्येला तालीम बंद ठेवून मला उतरवायचे, रिकामा करायचे, कपडे मोकळे करून पुन्हा भरायचे. सगळ्यात तळाचा कपडा मात्र वस्ताद स्वतः घालत. तो कोणाला पाहू देत नसत.

स्नेहल बारा वर्षांची असताना शाळेचा फाटका फ्रॉक घेऊन आली. नाकाच्या शेंड्यावर राग.

"वस्ताद, वर्गातली पोरगी मला काळी म्हणाली. आज थैला फोडते."

"मग आज हात नाय लावायचा. भिंतीला टेकून बैस आन् शंभर श्वास मोज."

"थैल्याला काय कळतंय, मी रागात हाय का नाय?"

"त्याला नाय कळत. तुझ्या मनगटाला कळतंय."

ती बावीसपर्यंत मोजून घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी चाळीस. शंभर गाठायला दिवाळी उजाडली. पण तीन वर्षांनी नाशिकच्या सामन्यात तिचं नाक फुटलं, लोक हसले, तेव्हा ती नुसती श्वास मोजत उभी राहिली आणि मग जिंकली. राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली. वस्ताद माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

मित्रांनो, इथून पुढे थापा नाहीत.

त्या हिवाळ्यात वस्ताद दवाखान्यात गेले. तीन अमावास्या आल्या आणि गेल्या. मला कोणी उतरवलं नाही. माझं पोट तळाशी दगड होत गेलं. वस्ताद परत आले नाहीत.

ते वारल्याच्या तिसऱ्या दिवशी स्नेहल चाळीत आली. स्पर्धेला आठ दिवस होते. दारातून गोजराबाई म्हणाल्या, "पोरी, हाताला पट्ट्या तरी बांध गं."

तिने बांधल्या नाहीत. श्वास मोजले नाहीत. खालून वर असा एकच ठोसा तिने माझ्या तळाशी मारला. आवाज झाला. तो माझा नव्हता.

इथे मला एक थाप मारायची फार इच्छा आहे, की ती गेली आणि पदक घेऊन आली. चांदोरीची मारली तशी मारताही येईल. पण मनगटाचं हाड मोडलं होतं. स्नेहल घरीच राहिली.

पुढच्या अमावास्येला ती प्लास्टर घालून आली. गोजराबाईंनी मला उतरवलं, तिने डाव्या हाताने उसवलं. तळाशी दगडासारखा एक गोळा निघाला. गोजराबाईंनी तो हळूहळू उलगडला.

"त्यांची बंडी हाय ही," त्या म्हणाल्या. "थैला शिवला तवा पहिली हीच घातली होती."

स्नेहल भिंतीला टेकून बसली. गोजराबाई शेजारी बसल्या. दोघींनी शंभर श्वास मोजले. मग बंडी झटकून स्नेहलने पुन्हा तळाशी घातली, मऊ करून.

मित्रांनो, तुमच्या घरातही रोज मार खाणारं कोणीतरी असतं. वस्तू असेल, माणूस असेल. अमावास्येला तरी त्याला उतरवून मोकळं करा. आणि राग आला की आधी मोजा.

त्या दिवशी चाळीत दोघींचेही डोळे वाहत होते. कांद्याचा वास तर कधीच उडून गेला होता.