भागीरथाचे बोल

हिंगणीच्या गोंड मोहल्ल्यातली गंगा तेव्हा पहिलीत होती. आठवडी बाजारात ती मायशी, भागीरथाशी, गोंडीत बोलत होती. चहाच्या दुकानापुढं पाटलाचा कॉलेजात शिकणारा मुलगा रूपराव उभा होता. त्यानं दोघींची नक्कल सुरू केली. तोंड वेडंवाकडं करून, माकडासारख्या उड्या मारत तो त्यांच्यासारखं बोलू लागला. सगळा बाजार हसला. पुढं कित्येक महिने शाळेच्या वाटेवर पोरं तेच आवाज काढत. गंगानं मायला सांगून टाकलं, माझ्याशी मराठीतच बोल. भागीरथा मोडकंतोडकं मराठी बोलू लागली, आणि हळूहळू कमीच बोलू लागली.

पंच्याऐंशीच्या विधानसभा निवडणुकीला रूपराव उभा राहिला. तोवर तो पुष्कळ बदलला होता. मोहल्ल्यात पाण्याची हापशी त्यानंच आणली होती. जंगलात मोळी आणायला गेलेल्या बायांना जंगलखात्यानं पकडलं, तेव्हा तो स्वतः जाऊन भांडला होता.

त्याच हिवाळ्यात भागीरथाला लकवा झाला. लग्न होऊन मोहल्ल्यातच राहिलेल्या गंगानं तिला आपल्या घरी आणलं. उशिरा शिकलेलं मराठी पार पुसलं गेलं, गंगा केव्हाच विसरलेली गोंडी तेवढी उरली. ती काही मागायची, आणि गंगा कधी पाणी पुढं करायची, कधी गोधडी. मोहल्ल्यात आता गोंडी येणारे एकटे शेजारचे म्हातारे गोमाजीच उरले होते; ते असले की अर्थ सांगत. पण ते लेकीकडं गेले असतानाच भागीरथा गेली. जाण्याआधी गंगाचा हात धरून तिनं बराच वेळ काहीतरी सांगितलं. गंगा नुसती मान हलवत राहिली.

महिनाभरात प्रचार सुरू झाला. रूपरावचा बंडूजी नावाचा कार्यकर्ता आला. गंगाबाईनं सभेत रूपरावभाऊंचं स्वागत गोंडीत करावं, भाऊंचीच तशी इच्छा आहे, म्हणाला. गंगानं नकार दिला. तिचा नवरा टिकाराम समजावू लागला, की बाजारातली ती पोरवयातली गोष्ट. माणूस आता आपल्या कामी पडतो, जुनं कशाला उगाळायचं. त्याचं चुकतंय असं गंगाला म्हणता येईना.

संध्याकाळी रूपराव स्वतःच दारी आला. मायचं कळलं म्हणून हात जोडून बसला. मग म्हणाला, "तुमच्या भाषेत दोन शब्द बोलायले काऊन नाई म्हनता, बाई?"

"मले येत नाई, भाऊ," गंगा म्हणाली. आवाज न चढवता तिनं बाजारापासून मायच्या मरणापर्यंत सगळं सांगितलं.

"मले आठवत नाई," तो म्हणाला. "पन केलं असन. तसाच होतो मी. माफ करजा, बाई."

त्याचे डोळे भरले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. गंगाला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. तोही आला नाही. तिनं त्याला चहा करून दिला.

तो निवडून आला. आपण मत कोणाला दिलं हे गंगानं टिकारामलाही सांगितलं नाही.

होळीच्या सुमारास गोमाजी परतले. गंगा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, आणि मायचे शेवटचे बोल कानात राहिले होते तसे तिनं म्हणून दाखवले. म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं.

"असे शब्द नाईत, पोरी," ते म्हणाले. "तुह्या कानातच मोडले ते."

गंगानं आणखी एकदा म्हणून पाहिलं.