चिकटवलेले पान

मित्रांनो, लाल फडक्यात गुंडाळलेली, दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून ठेवलेली मी एक जुनी पोथी आहे. श्रीवर्धनच्या आतल्या अंगाला, सुपारीच्या वाड्या संपून भातखाचरे सुरू होतात तिथल्या एका गावात, देवळाच्या कोनाड्यात मी राहते. हळदीकुंकू मला रोज मिळते. उघडते मात्र मी क्वचित.

तीनशे वर्षांपूर्वी एका कवीने मला रचले. स्वतःचे नाव त्याने कुठेच घातले नाही. बोरूने, काजळाच्या शाईने लिहिताना तो कुणाला भ्याला नाही. देवाच्या नावावर पोट वाढवणाऱ्यांवर त्याने अख्खे पान लिहिले. त्यातली ही ओवी :

नांव देवाचें पुढें करूनी ।
भुकेल्याचें सूप झाडूनी ।
जो जेवे तृप्त होऊनी ।
त्याचे घरीं देव उपाशी ॥

आमच्या देवळात पोथी वाचणाऱ्या बाळाजीबुवांचे वडील ही ओवी वाचताना थांबत. माझ्यापुढच्या ताटात आलेला गरिबाघरचा शिधा उचलून त्याच बाईच्या ओटीत परत घालत. तेव्हा मला वाटे, आपण नुसता कागद नाही.

वडील गेले, बाळाजीबुवा वाचायला बसले. पहिल्याच वर्षी त्यांनी ते पान एकट्याने वाचले, जरा वेळ नुसते पाहिले, मग जेवणातली चार शिते घेऊन पुढच्या पानाला चिकटवून टाकले. वरून हात फिरवला. मी काय करणार? पोथीला तोंड असते ते वाचणाऱ्याचे.

१९५३ साली वैशाखात अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. महिनाभर पोथी लागली. बुवांनी सांगितले, "रोज ताटात शिधा पडला पाहिजे, आणि समाप्तीला तेहतीस अनारसे. त्याशिवाय ऐकल्याचे फळ नाही."

काशी रोज येई. तिचा नवरा भागोजी मुंबईला गिरणीत होता. मांडीवर वर्षाची कमळ, हिवतापाने फणफणलेली. तापातही ती माझ्या फडक्याचे टोक तोंडात घालून चोखत बसे. तिची लाळ मला लागे आणि खरे सांगू, कुंकवापेक्षा ती मला बरी वाटे.

काशीच्या घरातले तांदूळ आठवड्यात संपले. मग तिने पेंढ्याची मुडी सोडली. मुडीत पेरणीचे बियाणे बांधून ठेवतात. ते कांडून ती शिधा आणू लागली. देवळाच्या पायरीवर शेजारच्या आवडाबाईने तिला गाठले.

"काशे, मुडी सोडलीस म्हनं? मिरगाला काय, अनारसं पेरनार हायस?"

"गप ऱ्हा आवडाबाय. पोरीचा ताप उतरू दे."

"नि भागोजी ईल तवा?"

"पोथीत हाय तेच बुवा सांगतात," काशी म्हणाली.

मित्रांनो, माझ्यात असे काही नव्हते. होते ते नेमके उलटे, आणि ते बुवांच्या अंगठ्याखाली मिटलेले होते. रोज तो अंगठा यायचा आणि जाड पान उलटून पुढे जायचा. समाप्तीला काशीने तेहतीस अनारसे मांडले, तेव्हा मुडीचा नुसता पेंढा उरला होता.

कमळ बरी झाली, ती दवाखान्यातल्या कडू गोळ्यांनी. पेरणीला आलेला भागोजी मोकळा पेंढा हातात धरून ओट्यावर बसून राहिला, असे बाया देवळात बोलल्या. त्या वर्षी त्यांचे खाचर पडीक राहिले. काशी लोकांच्या वाडीत सुपारी सोलायला जाऊ लागली आणि कमळच्या पेजेत शीत दिसेनासे झाले.

आठ पावसाळे आणि मधले दोन धोंडे गेले. कोनाड्याच्या ओलीने मी सादळले. १९६१ साली जेठात पुन्हा धोंडा आला, तोवर बुवांना मोतीबिंदूने दिसेनासे झाले होते. महिनाभर त्यांनी पाठ होते तेवढे म्हटले; समाप्तीला मात्र वाचायला चौथीतल्या कमळला बसवले.

"वाच गं पोरी. मध्ये एक जाड पान लागेल, ते तसेच उलट."

कमळने उलटायला घेतले आणि पाने हातातच अलग झाली. शाळेत वाचते तशी ती बोट ठेवून ओवी वाचत गेली.

"आये, हितं शीत चिकटलंय."

"जुनी पोथी आहे," बुवा म्हणाले. "पुढचे पान घे."

"परत वाच," मागून काशी म्हणाली.

कमळने परत वाचले. बायांनी हात जोडले. मग एकेक जण उठली आणि नेहमीसारखे अनारसे ताटात ठेवून गेली. आवडाबाईसुद्धा. इतक्या वर्षांनी माझे शब्द मोठ्याने उच्चारले गेले, आणि ताट भरतच राहिले.

काशी तेवढी उठली नाही. तिने पदराखालचा डबा उघडला आणि एक अनारसा कमळच्या हातावर ठेवला.

"खा."

"देवळात?"

"खा. तुजाच व्हता."

मित्रांनो, मी पुन्हा फडक्यात आहे. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर फूल वाहा, पण फडकेही सोडा. दोन पाने चिकटलेली दिसली तर हळू हाताने सोडवा, मी लगेच फाटते. आणि आत असेल ते मोठ्याने वाचा, पुढचे पान घे असे कुणी म्हटले तरी. मला स्वतःला उघडता येत नाही.